अखंड पाकिटांची तपासणी

तपासणी ही वस्तू पास करण्यासाठी असते. नापासच करायची असेल, तर तपासायची गरज काय?

हे तत्त्व आम्ही काल्हेरच्या गोदामात सुताचे गठ्ठे उतरवून घेताना सिद्ध केलं होतं. २००६ साली त्याच गोदामाच्या माळ्यावर मी सॉफ्टवेअरची कंपनी काढली. इंजिनियर म्हणून माझी पुतणी ऋतिका आणि तिला तपासायला समिती. अध्यक्ष मी. (मी अक्षरं पन्नाशीत शिकलो. शिकलेल्यांना तपासायला याहून ताजं शिक्षण कुठून आणणार?) सदस्य माझा मेहुणा भाऊ. जागा आमचीच असल्याने निवड बिनविरोध झाली.

ऋतिकाचा प्रोग्राम संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून नेटवर्कवरून येणारं माहितीचं प्रत्येक पाकीट तपासायचा आणि वाईट दिसलं की अडवायचा. सोमवारी तो एका पतपेढीत बसणार होता. तिचं हे पहिलंच काम. फसलं तर नाव तिचं जाणार होतं.

"काका, मोठं पाकीट मशीन सलग ठेवत नाही," ती म्हणाली. "तोंड एका जागी, बाकीचे तुकडे दुसरीकडे. आतापर्यंत मी सलग पाकिटंच घालून बघितलीत. तुकड्यांची चाचणी राहिलीय. दोन दिवस द्या."

"फुटका माल?" भाऊ दचकला. "आपल्याकडं फुटका गठ्ठा दारातूनच परत जातो. आन तू सवता फोडून आत घालणार? न्हाय जमायचं!"

"अहो भाऊमामा, फुटका नाही. तो येतोच तसा!"

"मग पाठवणाऱ्याला दम दे."

समितीने सखोल चर्चा केली (चहा येईपर्यंत). तुकड्यांतली पाकिटं सदोष ठरवून चाचणीतून बाद केली. उरलेली शंभर टक्के पास झाली. आम्ही नारळ फोडला. (तो मात्र तुकडे करूनच वाटला.)

सोमवारी पतपेढीत पहिलं मोठं पाकीट आलं. प्रोग्रामने तोंड पाहिलं, बाकीचं लागूनच असेल असं धरून पुढे हात घातला, आणि गाभ्यात बसलेला असल्याने पडताना अख्खं मशीन घेऊन पडला.

समितीने तातडीने चौकशी केली. दोष पतपेढीचा निघाला: माल नीट बांधलेला नव्हता.

ऋतिकाने राजीनामा दिला. तो एकाच सलग कागदावर असल्याने समितीने लगेच पास केला.

प्रोग्राम आम्ही बाहेरून दुरुस्त करून घेतला. आता तो पाकिटाचं तोंड बघतो आणि बाकीचं न बघता आत सोडतो. तेव्हापासून मशीन एकदाही पडलेलं नाही, आणि मागणी इतकी वाढली आहे की कदाचित तुमच्या पतपेढीतही तोच असेल. तुम्ही कधी विचारलंत? नाही ना? ग्राहकांच्या याच पाठिंब्यावर आमची समिती टिकून आहे.