पंधरा उपाशी मासे

“मासा पाठवायचा म्हणजे मुलीची पाठवणी करायची!” श्रीलंकेतल्या वेलिगामाच्या चहाच्या टपरीवर प्रेमलाल छाती फुगवून सांगायचा. “दमवायचं नाही, घाबरवायचं नाही. फरक एवढाच, की मुलीला जेवू घालून पाठवतात आणि माशाला उपाशी! दोन दिवस कडकडीत उपास. पोट रिकामं असलं, तर पिशवीतलं पाणी स्वच्छ. भरलेलं असलं, तर स्वतःच्याच घाणीत गुदमरून विमानातच खलास! वीस वर्षांत माझा एक मासा वाटेत मेलेला नाही!”

शेवटचं वाक्य सोडलं, तर सगळं खरं होतं.

या खेपेला मात्र ते शेवटचं वाक्यही खरं करून दाखवायची वेळ आली होती. वीस वर्षं बुड्या मारून प्रेमलालच्या कानांची पार वाट लागली होती. आणखी एक हंगाम समुद्रात उतरलास तर ठार बहिरा होशील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमका कोलंबोच्या सिरिल महात्तयांना मासे ठेवायच्या शेडसाठी मुकादम हवा होता. सिरिल महात्तया म्हणजे सिरिलसाहेब, या किनाऱ्यावरचे जिवंत मासे परदेशी पाठवणारे बडे व्यापारी. दुबईच्या एका डॉक्टराला दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत ठेवायला पंधरा निळे मासे हवे होते. महात्तया म्हणाले, “पंधराच्या पंधरा जिवंत पोचले, तर शेडची किल्ली तुझी!”

प्रेमलालने ठणकत्या कानांनी, हातजाळ्याने एकेक करून पंधरा मासे धरले. अंग निळंशार, पाठीवर पिवळा पर आणि चेहरा कायम रुसलेला. एकत्र ठेवलं की एकमेकांना चावतात, म्हणून परसात पंधरा टब मांडले. दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला. आता चार महिने सोळावा मासा मिळणं शक्य नव्हतं!

सगळं जुळून आलं होतं. फक्त व्हॅन यायची होती वेसाकच्या दिवशी, दुपारी चारला.

वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा. भाविक पांढरे कपडे घालून आठ शीलांचं, म्हणजे उपास-संयमाचं व्रत घेतात. त्या दिवशी कोणी उपाशी राहिलं तर गावाची अब्रू जाते. लोक रस्त्यात गाड्या अडवून, हाताला धरून ओढत नेऊन जेवू घालतात. प्रेमलालच्या फाटकासमोर असाच फुकट जेवणाचा मांडव पडला होता आणि त्याची सर्वेसर्वा होती त्याची सासू, सोमावती!

पहाटे सहाला पांढरंशुभ्र लुगडं नेसून ती परसात आली आणि टबांत डोकावली.

“पुता, या लेकरांनी कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही.”

“नाही खाल्लं, अम्मा.”

“का?”

खरं कारण सांगितलं असतं, तर तासभर प्रवचन ऐकावं लागलं असतं. इकडे प्रेमलालचा जीव थाऱ्यावर नव्हता. रात्रभर तो टबांकडून फाटकाकडे आणि फाटकाकडून टबांकडे येरझारा घालत होता. पिशव्यांत भरायचा प्राणवायू अजून आणायचा होता. त्याने तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

“अम्मा, माशांनी आज शील घेतलंय!”

सोमावतीचे डोळे भरून आले. “माशांनी? आठही शीलं?”

“आठही!” प्रेमलाल म्हणाला आणि रिकामा सिलिंडर रिक्षात टाकून पसार झाला.

अर्ध्या तासाचं काम, पण वेसाकच्या दिवशी! पहिल्या मांडवाने रिक्षा अडवून भात घातला. दुसऱ्याने उकडलेला कसावाचा कंद. तिसऱ्याने आइस्क्रीम. “अहो, माझे मासे!” असं तो ओरडत होता, आणि “मग मासेही खाल, आधी हे तर खा!” म्हणून लोक वाढत होते. घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले.

फाटकापासून परसापर्यंत पांढऱ्या कपड्यांची रांग!

“कोण गेलं?” त्याने शेजारच्या नंदावतीला विचारलं.

“जातंय कोण! तुमच्या माशांनी शील घेतलंय ना? बातमी विहारापर्यंत पोचलीय! माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत कधी घेतलं नाही, म्हटलं चला, मासा तरी बघावा!”

प्रेमलाल रांग तोडून आत धावला. प्रत्येक टबासमोर कमळ, प्रत्येक टबासमोर उदबत्ती! मधोमध सोमावती, हातात डाव.

“पुता, अगदी वेळेत उरकलं हो! बाराला पाच कमी असताना शेवटचा घास!”

“घास? कसला घास?”

“कसला म्हणजे? शील घेतलेल्यांना दुपारच्या आत जेवू घालायचं असतं, एवढं कळत नाही? बारानंतर खाता येतं का त्यांना? जन्माने बौद्ध ना रे तू?”

प्रेमलालने कपाळावर हात मारून घेतला. एवढी साधी गोष्ट! गावातल्या पोराबाळांना ठाऊक असलेली! माशांना शील देण्याच्या नादात शीलाचा नियमच विसरला होता तो!

“काय... काय घातलंत?”

“बारीक चिरलेला पाला, उकडलेले मूग, खोबऱ्याच्या दुधातला भात. सगळं गाव मदतीला आलं! चौदा नंबरच्या लेकराने तर तीनदा मागून घेतलं!”

चौदा नंबरच्या लेकराचं पोट ढोलासारखं झालं होतं. तो पहिल्यांदाच हसतोय की काय, असं वाटत होतं.

चारला व्हॅन आली आणि तिच्यातून खुद्द सिरिल महात्तया उतरले! उदबत्त्यांच्या धुरात ठसकत त्यांनी विचारलं, “काय रे, दोन दिवस उपास झाला ना?”

प्रेमलालने तोंड उघडायच्या आत चाळीस माणसं एका सुरात म्हणाली, “छे, छे, महात्तया! आमच्या गावात उपाशी ठेवतो होय कोणाला!”

महात्तया टबाकडे पाहत राहिले. प्रेमलालने गप्प राहून मासे भरले असते तर पंधराही वाटेत मेले असते. अर्थात ते उद्या कळलं असतं, आणि उद्यापर्यंत काहीतरी सुचलंही असतं. पण चौदा नंबर टबाच्या कडेला येऊन त्याच्याकडे बघत होता. प्रेमलालला ते सहन होईना.

“महात्तया, मासे नेऊ नका. मरतील. खाऊन बसलेत. आणि अम्मा, माशांनी शीलबील काही घेतलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

“वेसाकच्या दिवशी!” सोमावती किंचाळली.

“आजचं विमान गेलं!” महात्तया गरजले. “परवा शेवटचं! पुन्हा दोन दिवस उपास, आणि यांच्यावर नजर कोण ठेवणार? हा?”

“दोन दिवस उपाशी ठेवायचेत, एवढंच ना?” सोमावतीने डाव कमरेला खोचला. “मग असं सरळ बोलायचं! पोटाचं दुखणं असलेल्या नवऱ्याला अठ्ठावीस वर्षं पथ्यावर ठेवलंय मी. मासे काय चीज आहेत!”

ती स्टूल टाकून परसात बसली. दोन दिवसांत पान हलू दिलं नाही. पाल्याची जुडी घेऊन आलेली नंदावती फाटकातूनच परत गेली. प्रेमलालने पाणी बघायला टबात बोट घातलं, तर बोटावर डाव बसला!

शुक्रवारी दुबईहून फोन आला. पंधराच्या पंधरा जिवंत! महात्तया दिलेल्या शब्दाला जागले. शेडची किल्ली घेऊन स्वतः आले, प्रेमलालने हात पुढे केला, आणि महात्तयांनी ती सोमावतीच्या हातात ठेवली.

“हाताखाली माणूस मात्र लागेल, अम्मा.”

“हा आहे की,” सोमावती म्हणाली.

तर प्रेमलाल आता समुद्रात उतरत नाही. बायकोला तो सांगतो, की ठरवलं तसंच झालं. शेडमध्ये अम्मांचा एकच नियम आहे: मासे उपाशी असतील त्या दिवशी त्यांच्यासमोर कोणी डबा उघडायचा नाही. आठवड्यातून तीनदा मासे जातात, तेव्हा किती दिवस उरतात ते तुम्हीच बघा. दुपारी एकच्या सुमारास शेडमागे उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये कोणी खाली वाकून भात खाताना दिसलं, तर कृपा करून अम्मांना सांगू नका!