माझी बुडालेली मालिश

चाळीस वर्षं कारकुनी केली मी. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! त्याच हाताने परवा मी माझी मालिश बुडवली.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मी एकटा. मसाज सेंटरच्या दारावर लिहिलं होतं: अंग मोकळं होतं, झोप लागते, मन हलकं होतं. म्हटलं, तिन्ही द्या.

मालिशवाल्याने एक फॉर्म पुढे केला. त्यावर माणसाचं चित्र होतं.

"काका, दुखतं तिथे फुली मारा."

मला कुठेच दुखत नव्हतं. पण जितक्या फुल्या तितकी जास्त मालिश, असा मी हिशेब केला. खांदे, पाठ, पोटऱ्या झाल्या. आता रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. डाव्या हातावर मारली, छातीवर मारली, जबड्यालाही सोडलं नाही.

फॉर्म बघून मालिशवाल्याने तेलाची बाटली खाली ठेवली.

"छातीत कधीपासून दुखतंय?"

"झाले बरेच दिवस," मी ठोकून दिलं.

"आणि डाव्या हातात?"

"तेव्हापासूनच."

"काका, हलू नका. बोलूही नका."

पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे डॉक्टर हजर! माझ्या छातीला तारा चिकटल्या. मुलीला फोन गेला. ती ऑफिसातून तशीच धावत आली, गळ्यात ओळखपत्र आणि डोळे लाल.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे यांचं."

"मग बाबा, खोटं का लिहिलंत?"

आता लपवून काय उपयोग?

"तुझी आई गेल्यापासून मला हात लावतो तो फक्त न्हावी. म्हणून महिन्यातून तीनदा केस कापायला जातो. परवा तोही म्हणाला, काका, आता कापू तरी काय?"

कोणीच हसलं नाही. मला फार लाज वाटली. डॉक्टर तारा काढू लागले. मालिशवाला म्हणाला, "उद्या या काका, आज राहू दे."

जिना उतरताना माझा पाय जरा अडखळला, म्हणून मुलीने हात धरला. जिना संपला, रस्ता ओलांडून झाला, तरी तिने तो धरलेलाच होता. मग मी घरापर्यंत लंगडत गेलो.

वाटेत लंगडायचा पाय चुकून बदलला. ते तिच्या लक्षात आलं असावं, पण हात काही तिने सोडला नाही.