पताता, बताता आणि शलमोनमामा

काष्टीच्या बाजारात शलमोनमामा बटाट्याला बटाटा म्हणू द्यायचे नाहीत.

"ह्यो पताता. बताता म्हंजी रताळं," ते भाजीवाल्या मावशीला बजावायचे.

"मग रताळ्याला काय मामंजी म्हनू?" ती तराजू आपटायची. "किती देऊ, तेवडं बोला!"

मामा आमच्या मिशनच्या वसतिगृहाचे आचारी. तिथले फादर स्पेनचे. त्यांच्या भाषेत मामांना साधा नमस्कार यायचा नाही, पण खाण्याचा शब्द एक चुकायचा नाही. शिकवायची रीतही मामांचीच: वस्तू जिभेवर पडल्याशिवाय नाव सांगायचं नाही. मी कामाला लागले त्याच दिवशी माझ्या तोंडात अख्खी मिरी टाकून म्हणाले, "पिमिएंता. चाव!" मग ढब्बू मिरचीची फोड. "ही पिमिएंतो. आता चुकशील?"

डोळ्यांतून पाणी गळत होतं. आजतागायत चुकले नाही.

मी कोकणातल्या देवगडकडची, सातवीत शाळा सोडलेली. इतक्या लांब अशा माणसाच्या हाताखाली पडले, ही देवाची कृपाच. पण काम जाईल ही धास्ती कायमची, म्हणून काहीही विचारलं की म्हणायची, "कायपण चालेल."

मामा भडकायचे. "कायपण नावाचा पदार्थ मला येत न्हाई!"

दुष्काळाच्या साली मला ताप भरला. जो तो मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीवर. तांदूळ बघायला मिळायचा नाही. मामा दारात उभे. "काय खाशील?"

"कायपण..."

"गप! फादर असंच तापले हुते, तवा मराठी इसरले. त्यांच्या बोलीत कायतरी मागायचे, मला कळंना. दिलं ते गिळलं बिचाऱ्यांनी, वर हात जोडले. लई वंगाळ वाटलं. तवापास्नं खायचा एकेक शब्द शिकलो. बोल, तुमच्याकडं आजाऱ्याला काय देत्यात?"

"पेज," मी भीतभीत म्हटलं. "नाहीतर आटवल."

"फरक काय?"

"पेज पातळ, प्यायची. आटवल म्हणजे मऊ भात, वर तूप."

तांदूळ कुठून पैदा केला, मामाच जाणोत. पेज आली. आधी स्वतः घोट घेऊन पुटपुटले, "पेज," आणि मग वाटी माझ्या हातात दिली.

बरी झाल्यावर मी चुलीपुढची जागा मागून घेतली. "मामा, आज तुम्ही पाटावर बसा. तुम्हाला काय करू?"

मामा बसले. पताता, पिमिएंतो, पेज असं बोटांवर मोजू लागले. "ह्ये मला कुनी कदी इचारलंच न्हाई."

"कायपण चालंल," ते म्हणाले.