हिवाळे सरांची पिवळी घरं

कुणी भविष्यकाळात बोललं, की हिवाळे सर त्याला अडवतात. एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचा मामा सहज म्हणाला, "पोरगं पुढं लय नाव काढीन." सरांनी हातातली पुरी पत्रावळीत ठेवली. "काय गृहीत धरून बोलून राह्यले तुम्ही?" मामा वाढायची बादली घेऊन पुढच्या ओळीत गेला, तो परत आमच्याकडे फिरकलाच नाही.

अमडापूरच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. सर बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला धंद्याची किंमत स्प्रेडशीटवर कशी काढायची ते शिकवतात. धंदा पुढं जे कमावणार, त्याचं आजचं मोल किती, हा त्यांचा विषय. "बाजारातून बर्फाची लादी घरी न्या," ते सांगतात. "घर जितकं लांब, तितकी लादी लहान. पुढचा रुपया तसाच हाये." हे मलासुद्धा समजलं, यावरून सर कसे शिकवतात ते कळेल.

अंदाजाचे आकडे शीटमधल्या पिवळ्या घरांत लिहायचे, बाकी सगळीकडे सूत्रच, हा त्यांचा नियम. कुणी भलत्या घरात हातानं आकडा टाकला, की सर मागच्या बाकापर्यंत चालत जातात. "काऊन बे, या आकड्याले मायबाप हायेत का नाही?"

मोठ्या कंपन्यांचे अहवाल पोरांच्या डोक्यावरून जातात, म्हणून सर दरवर्षी गावातलं एक दुकान घेतात. यंदा रफीकभाईंचं गादीचं दुकान होतं. रफीकभाई कापूस पिंजून गाद्या भरतात. बायको वारल्यापासून सरांची संध्याकाळ तिथंच जायची, एखाद्या नव्या गादीवर बसून. दोघं फार बोलत नसत. रफीकभाई टाके घालत, सर पेपर वाचत.

पोरांनी शीट केली. स्नेहा नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, दुकान चालवण्यापरीस जागा भाड्यानं दिलेली बरी."

सरांनी स्वतः माउस हातात घेतला. लग्नसराईतली विक्री वाढवली. उत्तर बदललं नाही. हिवाळ्यातली वाढवली. तरी नाही. मग त्यांनी दरवर्षीची वाढच दुप्पट केली, आणि दुकान एकदम फायद्यात आलं.

"सर," स्नेहानं विचारलं, "हे काय गृहीत धरून?"

वर्गात कुणी हसलं नाही, असं तिनंच मला नंतर सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "बरोबर हाये तुझं," म्हणाले, आणि सगळी पिवळी घरं होती तशी केली.

त्या संध्याकाळी मी माझी गादी आणायला गेलो होतो. सर आले, पण बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "रफीकभाई, दुकान बंद करा. जागा भाड्यानं द्या. पोराइनं बरोबर काढलं."

रफीकभाईंनी सुई गादीत खोचली. "मी बी तेच म्हनून राह्यलो होतो सर. कापसानं खोकला जात नाही. धामणगाव बढ्याले दिलेली पोरगी कधीची बोलावते." मग त्यांनी विचारलं, "पन तुमचं संध्याकाळचं बसनं कुठं होईन?"

"त्याचं काय, कुठंबी बसता येते," सर म्हणाले.

महिन्याभरात तिथं मोबाईलचं दुकान आलं. सर वर्गात पूर्वीसारखेच होते. पोरांच्या आकड्यांचे मायबाप विचारत होते. एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर मात्र ते माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. माझ्या घराचा पत्ता त्यांना माहीत होता, पण ते कधी आले नव्हते. गाडीच्या आरशात बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही संध्याकाळी घरीच असता काय?"

मला त्या संध्याकाळी जानेफळला साखरपुड्याला जायचं होतं.

"हाव," मी म्हणालो, "घरीच असतो."