मास्तरांनी विमानाचं माप घेतलं

टेलरमास्तरांना एकदा वाटलं की वाटलं! मग समोर विमान कंपनी असो नाहीतर बायको, कुणाचं ऐकायचं नाही.

लेक परदेशातून येणार होती, पहिल्यांदाच बाळाला घेऊन. "नातीला सगळ्यात आधी मीच उचलणार!" मास्तरांनी अख्ख्या गल्लीत जाहीर करून टाकलं. पंचाईत एवढीच की लेकीच्या सासूबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनीही, तेच जाहीर केलं होतं.

"विमान पाचला उतरतंय," बायको म्हणाली. "लवकर निघू या."

"पाचला? एवढ्या लांबून? शक्यच नाही!" मास्तरांनी गळ्यातला टेप काढून दुकानाच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला लावला. "तिकडच्या विमानतळावर टोक धर! घट्ट! आता दोन्हीकडून दोन-दोन बोटं माया सोडायची."

"माया कशाला? समुद्र काय धुतल्यावर आटणार आहे?"

"तुला काय कळतंय मापातलं!"

"पण पृथ्वी गोल ना हो? नकाशा तर सपाट आहे."

"गोल मला शिकवतेस? जन्मभर लोकांची पोटंच मोजतोय!"

"पोटाला टेप गुंडाळून मोजता. पोटाच्या फोटोला लावून नव्हे!"

मास्तरांनी टेप आणखी ताणला. नकाशाच्या कोपऱ्यातल्या पट्टीवरून अंतर काढलं, अंतरावरून तास काढले, आणि खडूनं टेबलावर उत्तर लिहिलं. रात्रीचे आठ! वर एक तास आणखी टाकला, कारण दिलेल्या वेळेला कुठलंच काम होत नसतं, हा त्यांचा स्वतःच्या दुकानातला अनुभव.

"नऊ! विहीणबाई पाचपासून उभ्या राहून पाय सुजवून घेतील, कंटाळून चहाला जातील, आणि नात थेट माझ्या हातात!" आनंदाच्या भरात त्यांनी मशीन असं पळवलं की गिऱ्हाइकाच्या पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. बायकोनं दोनदा पिशवी उचलली, दोनदा त्यांनी ती खाली ठेवायला लावली. फोन कापडाच्या ढिगाखाली बिचारा कोकलत राहिला.

आठ वाजता मास्तर नवा कोट घालून ऐटीत विमानतळावर हजर! तिथे ओळखीचं चिटपाखरू नाही.

"ते विमान?" चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "ते पाचच्याही आधी उतरलं, काका! वारा पाठीमागून होता ना."

"अरे देवा, वारा धरायचा राहिलाच!"

"बाळाला घेऊन एक ताई कितीतरी वेळ 'बाबा येतील' म्हणत थांबल्या होत्या. मग एक आजी त्यांना घरी घेऊन गेल्या. बाळ आजींच्याच कडेवर होतं."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बायकोनं पिशवी उचलली, आणि या वेळी ती खाली ठेव म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. टॅक्सी करून दोघं धावतपळत विहीणबाईंच्या दारात पोचले. दार फटीएवढंच उघडलं.

"शूऽऽ! मायलेकी दमून झोपल्यात," विहीणबाई कुजबुजल्या. त्यांचा कोट गेल्या हिवाळ्यापासून मास्तरांकडे शिवायला पडला होता. "उद्या या ना संध्याकाळी! नातीला अगदी तयार करून ठेवते."

"उद्या नक्की ना?" मास्तरांनी अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं.