दोन सिलेंडरची घासाघीस

रायपूरच्या पंडरी मार्केटात मी शिरले की दुकानदार आधी पाणी पितात, मग मला 'काय दाखवू' विचारतात! साडी असो की पडद्याचं कापड, सांगितलेल्या भावात मी आजवर सुतळीसुद्धा घेतलेली नाही. त्यामुळे आमच्या वरदनं रेसची मोटरसायकल बांधायचा खर्च सांगितला, तेव्हा घरात एकटी मीच शांत होते. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेले, तसे धीराचे. पण त्यांच्या कपातला चहा बशीत आला आणि बशीतला लुंगीवर गेला.

"अबे, एवढ्यात तर वरचा मजला चढून जाते!"

"बाबा, साडेसहाशेची ट्विन आहे. दोन सिलेंडर, तर सगळं डबल लागते," वरद म्हणाला. आमच्या पोट्ट्याची मराठी दोन वाक्यांत दमते. "और मिडलवेट क्लास में जीतना है, तो गाड़ी का वजन कम करना पड़ता है. हर किलो का पैसा लगता है."

"वजन कमी करायचे पैसे?" मी म्हटलं. "आपल्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्याला, योगा फुकट शिकवून राहिले!"

पण पोट्ट्याचं तोंड पाहवेना. लहानपणापासून हे एकच वेड. शेवटी मीच म्हटलं, "वरचा मजला थांबीन. पण खरेदी मी करीन. अर्ध्यात बसवते, पाहा!"

दुसऱ्या दिवशी कोइंबतूरच्या पार्टवाल्याला फोन लावला.

"भैया, दो पिस्टन ले रही हूँ. कुछ तो कम करो."

"मैडम, ट्विन है. दो तो सबको लगते हैं."

"मग वरून काही टाका ना! सब्जीवाला भी धनिया डालता है."

बिचाऱ्यानं स्टिकर टाकले. मी जिंकले!

गॅरेजचा राकेश म्हणजे वरदचा मेकॅनिक. तो म्हणाला, "आंटीजी, टायर के कंबल भी मँगाने हैं."

"टायरला थंडी वाजते?"

"रेस के पहले गरम रखना पड़ता है."

"एप्रिलच्या रायपुरात? उन्हात ठेव, पापड भाजून निघतीन!"

कंबल रद्द झालं. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

मग आला रायडरचा सूट. अख्खा लेदरचा. कोइंबतूरवाल्याची किंमत ऐकली आणि म्हटलं, एवढ्यात तर म्हैस येते, दुधासकट! तडक पंडरीला गुलाबरावांकडे गेले. सोफ्याचं कव्हर शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"ताई, माणसाले कव्हर नाही शिवलं मी आजवर."

"माणूस म्हणजे काय हो? हातपाय असलेला सोफाच!"

सूट आला. मरून रेक्झिन, सोनेरी पायपिंग आणि पाठीवर दाबलेली दोन बटणं! वरद तो घालून चालला की जुन्या बैलगाडीसारखा करकरायचा.

"आई, हे नाही चालणार."

"काहून नाही चालणार? आपला सोफा बारा वर्षं चालून राहिला!"

रेस नव्या रायपूरला होती, बंद केलेल्या रुंद रस्त्यावर. सकाळी तपासणी झाली. तपासणारे साहेब वाकून वाकून आमची लाल गाडी पाहत होते. "इंजिन बढ़िया. ब्रेक बढ़िया." मी पदर सावरत पुढे होऊन उभी! मग वरद करकरत आला. साहेबांनी रेक्झिन चिमटीत धरलं. पाठीवरचं बटण दाबून पाहिलं.

"मैडम, इस पर बैठते हैं. इसे पहनते नहीं."

आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. "ये गिरा, तो सड़क इसकी चमड़ी ले जाएगी."

गाडी पास, मुलगा नापास!

कसले पैसे वाचवत होते मी? वरद गाडीशेजारी मांडी घालून बसला.

मी धावत सुटले, मागून हेही. मैदानाच्या टोकाला सूटचा एकच स्टॉल होता. पिंकी नावाची पोरगी च्युइंगम चघळत बसली होती. सगळे सूट काळे, आणि भाव कोइंबतूरच्या दीडपट!

"बेटा, थोडं तरी..."

"आंटी, रेस शुरू होने वाली है. आप सोच लो, मैं बैठी हूँ."

मी ह्यांच्या खिशातून कार्ड काढलं आणि पूर्ण भावात सूट घेतला. हातमोजे तर किंमत न विचारताच उचलले! ह्यांनी घाबरून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

वरदनं सूट घातला आणि माझ्याकडे पाहून हसला. बस! मला दुसरं काही नको होतं.

रेस सुटली. धूळ, आवाज, डोळ्यांत घाम. लाल गाडी, काळा सूट, माझा वरद! "चल रे पोट्ट्या!" मी ओरडले. त्यानं एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं, आणि पहिला आला! मी दोरीखालून घुसले, हेल्मेटसकट त्याला मिठी मारली, रडले. हेल्मेट निघताच अख्खा बेसनाचा लाडू तोंडात कोंबला.

लाडवाच्या वर मिशी होती. आमच्या वरदला मिशी नाही!

पिंकीनं अर्ध्या रेसला तोच सूट विकला होता, आणि लाल गाड्याही चार होत्या. तिकडे आमचे हे सहाव्या आलेल्या आपल्या लाल गाडीसाठी एकटेच टाळ्या वाजवून राहिले होते. इकडे मिशीवाला भरल्या तोंडानं माझ्या पाया पडत होता. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एक बाई होती.

"दीदी," ती म्हणाली, "आपका हो गया हो, तो मेरा लड़का मुझे दे दो."

मी दिला. आणि तिलाही एक लाडू दिला. दुसरं काय करणार!