दोनशे चौदा टक्के तूर

पुंडलिकरावांनी चहाचा कप बाजूला सारला, ओसरीवर ओलं फडकं उघडलं आणि मोड आलेले तुरीचे दाणे एकेक करून सुपात टाकायला सुरुवात केली. मैनाबाई अंगण झाडता झाडता तीनदा विचारून गेल्या, तिन्ही वेळा त्यांना हातानंच गप्प करण्यात आलं. शेवटचा मोड सुपात पडला तेव्हा पुंडलिकरावांचा चेहरा एकदम उजळला.

"दोनशे चौदा," ते म्हणाले.

"काय दोनशे चौदा?"

"टक्के. आपल्या तुरीची उगवन."

मैनाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "लय झाले का थे?"

"सत्तर झाले तरी पास म्हनते मॅडम. तूच हिशेब कर आता."

मॅडम म्हणजे कृषी सहायक अनघा मॅडम. यवतमाळच्या. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. त्या घराण्यातल्या काळ्या मातीत पाय घालणाऱ्या या पहिल्याच. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर त्यांनी सभा घेतली होती. घरचं बियाणं पेरण्याआधी तपासून बघा, असं सांगितलं होतं. टक्केवारी म्हटल्याबरोबर लोकांचे चेहरे पडले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भागाकार नको, गुणाकार नको. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा, पाचव्या दिवशी उघडा. जितके उगवले तितके टक्के."

पुंडलिकराव हे ऐकून हरखले होते. सातवीत याच टक्केवारीनं त्यांची शाळा सोडवली होती. जी गोष्ट गुरुजींना छडीनं शिकवता आली नाही, ती या पोरीनं एका वाक्यात शिकवली. अडचण एकच होती. दाणे मोजायचे कसे? त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्मात धान्याचा दाणा मोजला नव्हता. रास मापतानासुद्धा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. बियाण्याचे दाणे एक, दोन, तीन करून मोजले की बरकत निघून जाते, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा पुंडलिकरावांनी मध्यममार्ग काढला. बियाण्याच्या ड्रममधून एक मूठ तूर घेतली. शंभर म्हणजे मूठभरच की. मोड आल्यावर मात्र त्यांनी बिनधास्त मोजले, कारण मोड आला की तो दाणा राहत नाही, त्याचं रोप होतं. रोपं मोजायला कोणाची हरकत नव्हती.

हे दोनशे चौदा त्यांना फार हवे होते. गेल्या खरिपापर्यंत बियाण्याच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द चालायचा. मुकुटबनच्या दुकानात जाण्याआधी लोक त्यांच्या ओसरीवर येऊन जायचे. गेल्या साली त्यांनीच छातीठोकपणे एक कपाशी सुचवली आणि गुलाबी अळीनं सगळ्यांची बोंडं आतून पोखरली. त्यांचीही पोखरली, पण ते कोण लक्षात ठेवतो. तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारीनासं झालं होतं. शेजारचे विठ्ठलराव तर त्यांच्याशी बोलतच नव्हते. ओसरीसमोरून जाताना मैनाबाईंना रामराम करायचे आणि पुंडलिकरावांच्या जागी खांब असल्यासारखे पुढे निघून जायचे. ही गोष्ट पुंडलिकरावांच्या जिवाला लागली होती. बोंडअळीपेक्षा जास्त लागली होती.

म्हणून ते मुद्दाम पारावर गेले आणि सहज बोलल्यासारखं करून आकडा सोडून दिला.

तांड्यावरचा उत्तमसिंग तंबाखू मळता मळता थांबला. "दोनशे चौदा? पुंडलिकभाऊ, इतके तं पोट्ट्यायले परीक्षेत पडत नाई."

"बियानं जपाव लागते बाप्पा," पुंडलिकराव नम्रपणे म्हणाले.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. विठ्ठलरावांनी ती ऐकली आणि घरी जाऊन आपल्या तुरीच्या पोत्यात हात घातला. पाचव्या दिवशी त्यांच्या पोरानं पारावर येऊन जाहीर केलं, "आमच्या बावाजीचे दोनशे साठ." त्याच्या पुढच्या दिवशी उत्तमसिंगनं फडकं उघडलं. उत्तमसिंगचा पंजा असा की बैलाचं शिंग धरलं तर बैलच विचारात पडायचा. त्याचे तीनशे एकेचाळीस निघाले.

मग गावाला चेवच चढला. ज्याच्या त्याच्या घरात ओली फडकी लटकली. अडीचशेच्या खालचा माणूस आकडा सांगायला लाजू लागला. पुंडलिकरावांचे दोनशे चौदा बघता बघता तळाला गेले आणि विठ्ठलराव ओसरीसमोरून जाताना मुद्दाम खाकरू लागले. शेवटी एका सकाळी पुंडलिकरावांनी मनाचा हिय्या केला आणि ड्रममध्ये दोन्ही हात घालून ओंजळ भरली.

मैनाबाई दारात उभ्या होत्या. "मले एक समजत नाई," त्या म्हणाल्या. "ज्याचा पंजा मोठा, त्याचीच तूर चांगली काहून निघून राह्यली?"

पुंडलिकराव ओंजळ तशीच धरून उभे राहिले. त्यांनी तूर हळूहळू परत ड्रममध्ये सोडली आणि झाकण लावून टाकलं.

इकडे ग्रामपंचायतीच्या शिपायानं सगळे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून अनघा मॅडमकडे पाठवून दिले होते. दुसऱ्याच दिवशी मॅडम स्कूटीवर हजर झाल्या. पाराभोवती गाव जमलं.

"उत्तमसिंगभाऊ, तीनशे एकेचाळीस," मॅडमनी कागद वाचला. "दाणे किती घेतले होते?"

उत्तमसिंगनं मूठ वर करून दाखवली.

"आणि तुम्ही?"

विठ्ठलरावांनीही मूठ वर केली. त्यांचं पाहून मागच्यांनी केली. बघता बघता चाळीस-पन्नास माणसं सरकारी नोकरासमोर मुठी उगारून उभी राहिली. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, स्कूटी कुठे लावली आहे ते पाहून घेतलं आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, टाकले किती ते कळल्याशिवाय टक्के निघतील कसे? शंभरातून किती उगवले ते टक्के. तुम्ही तर मुठी मोजल्या."

"दाने मोजत नाई आमी," पुंडलिकराव खाली मान घालून म्हणाले. "पयल्यांदा मूठ म्याच घेतली. मायं पाहून सगळ्यायनं घेतली."

पुन्हा सगळ्या गावाला त्यांनीच बुडवलं होतं. त्यांना उठून घरी जावंसं वाटलं. दाणे मोजायला मात्र कोणीच तयार होईना. मॅडमनी बरकत या विषयावर काही शिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे त्या नुसताच कागद चाळू लागल्या. तेवढ्यात बायकांमधून मैनाबाई म्हणाल्या, "खळ्यावर मोजता तसं मोजा ना. पयल्याले लाभ म्हना, मंग दोन. एवढा कायले विचार करून राह्यले?"

हे कोणाला आधी सुचलं नव्हतं. पुंडलिकरावांचीच तूर आणली गेली. लाभ, दोन, तीन करत शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले आणि गुंडाळी बांधली. ठेवायची कोणाकडे, यावर वाद झाला नाही. ती विठ्ठलरावांकडे गेली, कारण ते पुंडलिकरावांच्या बाजूनं लबाडी करणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती.

ते पाच दिवस पुंडलिकरावांना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी पारावर गोणपाट उघडलं. मॅडमनी मोजलं, उत्तमसिंगनं मोजलं, शिपायानं मोजलं. ब्याऐंशी.

पुंडलिकरावांनी स्वतः परत मोजलं. दोनशे चौदावरून थेट ब्याऐंशी. मॅडम मात्र खूश होत्या. "काका, उत्तम आहे. बिनधास्त पेरा."

पुंडलिकराव उभे राहिले. "ब्याऐंशी म्हंजे शंभरातले अठरा येनार नाईत," ते लोकांकडे बघून म्हणाले. "थे आताच सांगून ठेवतो. दाट पेरा नाई तं नका पेरू, पन येतीन असं मी म्हननार नाई."

बियाण्याबद्दल काय येणार ते आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं, दुकानदारानं, पाटीवरच्या जाहिरातीनं, खुद्द पुंडलिकरावांनीही. काय येणार नाही हे पेरणीआधी सांगणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला.

विठ्ठलरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग वर्षभरानं पहिल्यांदा त्यांनी थेट पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पुंडलिक, मले चार किलो देजो."

"देतो," पुंडलिकराव म्हणाले.

"फक्त एक कर. थे अठरावाले तेवढे आदीच निवडून काढून ठेव. तेवढा तरास घे मायासाठी."

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. पुंडलिकरावांनी त्यांना हातानंच थांबवलं. ते विठ्ठलरावांच्या शेजारी पारावर टेकले, खिशातून तुरीचे चार दाणे काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "हे पाय विठ्ठल, सुरुवातीपासून सांगतो." मग त्यांनी अगदी सावकाश सांगायला घेतलं. घाई नव्हती. कोणीतरी विचारलं होतं.